सरांनी न ठेवलेली खिडकी

गेल्या महिन्यात जबलपूरला, नेपियर टाउनमध्ये, आमच्या गणिताच्या सरांची शोकसभा झाली. एका शाळेचा हॉल, लाकडी खुर्च्या, समोर हार घातलेला फोटो. बोलणारे बहुतेक त्यांचे जुने विद्यार्थी होते, आता स्वतःच निवृत्त झालेले. त्यांतले एक जण म्हणाले, "सर तासभर फळ्यावर लिहायचे, पण त्यांची एक ओळ कधी चुकली नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून खुर्च्यांमधून मला शोधलं, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा मान पुढे वळवली.

घरी आल्यावर मी बरेच दिवस काही लिहिलं नाही. आता लिहिते आहे, ते त्या वाक्यामुळे. ते वाक्य प्रेमाने म्हटलेलं होतं, पण खरं नव्हतं. सरांची एक ओळ चुकली होती. मी ती पाहिली आहे. ती चूक निघाली त्या दिवशी सर जसे वागले, तसं वागणारा शिक्षक मला नंतर भेटला नाही, म्हणून तो दिवस नीट लिहून ठेवावा असं वाटतं.

ते पासष्टच्या लढाईचं वर्ष होतं. आम्ही शहराबाहेर, खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात भांडार विभागात कारकून होते. चीनच्या लढाईनंतर कारखान्यात माणसं वाढली होती, पाळ्या वाढल्या होत्या, आणि रेंजवर चाचणीचे बार दिवसभर वाजत. पाहुणे दचकत. आम्हाला ते ऐकूही येत नसत. मी सकाळच्या बसने शहरात येई आणि तिथून चालत विद्यापीठाच्या गणित विभागात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही मोजकेच जण होतो आणि मुलगी मी एकटी.

सर कोणाला नावाने हाक मारत नसत. बाकावरून मारत. मी "तिसऱ्या बाकावरच्या बाई". माझ्या मागे बसणाऱ्या उंच मुलाचे वडील रेल्वेत गार्ड होते, म्हणून त्याला मात्र सगळे गार्डसाहेब म्हणत, सरही. वर्ग इंग्रजीत चाले, अडलं की हिंदीत, आणि आम्हा दोघा-तिघा मराठी मुलांशी सर जाता-येता घरचं मराठी बोलत.

त्यांच्या शिकवण्याची एक रीत होती. प्रत्येक तासाला ते एक जागा मुद्दाम कच्ची ठेवत. एखादी पायरी गाळलेली, एखादी अट न सांगितलेली, कधी चक्क चुकीची ओळ. त्याला ते खिडकी म्हणत. हा शब्द हिंदी-मराठी दोन्हीकडे चालतो, म्हणून असेल. ज्याला ती जागा सापडे त्याने ती आपल्याजवळ ठेवायची, शेजाऱ्यालाही सांगायची नाही. पुढच्या तासाला फळ्यापाशी जायचं, ती ओळ लिहायची आणि तिच्याभोवती खडूने चौकोन काढायचा. तोंडाने बोलायचं नाही. मग सर म्हणत, "उघडा." तेव्हा बोलायचं. कोणालाच सापडली नाही, तर सर स्वतः उघडत, आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा जरा पडलेला असे.

सर तेव्हा चाळिशीच्या जवळ आले होते आणि अजून त्यांनी डॉक्टरेट मिळवली नव्हती. त्याचं कारण आळस नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की मी जे शोधून काढलं ते आधी वर्गात शिकवून पाहीन, मग बाहेर पाठवीन. अनंत श्रेणींवरचं त्यांचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि शनिवारचा जोडतास ते त्यासाठी वापरत. अभ्यासक्रमातलं प्रकरण घ्यायचं, ते जिथे संपतं तिथून आपलं काम सुरू करायचं, आणि मुलांना तिथपर्यंत न्यायचं. आम्हाला ते फार मोठं वाटे. पुस्तकातली प्रमेयं कधीच्या काळी सिद्ध झालेली. शनिवारी फळ्यावर जे असे ते आमच्या समोर सिद्ध होत असे.

विभागप्रमुखांना हे पटत नव्हतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना निकालाची काळजी होती. एकदा व्हरांड्यात दोघांचं बोलणं मी ऐकलं.

"शोध घरी करा," प्रमुख हिंदीत म्हणत होते. "वर्गात लोकांनी शोधून ठेवलेलं शिकवा. मुलांना पेपर द्यायचा आहे."

सर म्हणाले, "साहेब, घरी केलं तर मला प्रश्न कोण विचारील? आमच्या घरी मी म्हणतो ते सगळं बरोबर असतं."

"अच्छा? मग तुम्ही भाग्यवान आहात," प्रमुख म्हणाले, आणि दोघंही हसले. पण हसून झाल्यावर प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं, की हे शेवटचं वर्ष. प्रबंध या सत्रात दाखल झाला तर सरांना मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळेल, विभागात संशोधनाला मुलं घेता येतील आणि शनिवारचा तास राहील. नाही झाला तर तो तास गतिशास्त्राच्या उजळणीला जाईल. हे सरांनी आमच्यापासून लपवलं नाही. पुढच्या शनिवारी तास सुरू करण्याआधीच सांगून टाकलं.

माझंही त्यात गुंतलेलं होतं. मला पुढे संशोधन करायचं होतं आणि त्यासाठी जबलपूरबाहेर मला कोणी पाठवणार नव्हतं. सरांना मान्यता मिळाली तरच ते होणार होतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सरांनी आम्हाला एक तक्ता दाखवला होता, तो इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गणित न शिकलेल्यालाही तो कळतो. उजवीकडे आणि खाली कधीच न संपणारा घरांचा तक्ता. पहिल्या ओळीत पहिल्या घरात एक, दुसऱ्या घरात उणे एक, पुढे सगळी शून्यं. दुसऱ्या ओळीत हेच, पण एक घर उजवीकडे सरकून. तिसरीत आणखी एक घर सरकून. असं खाली खाली. आता आडव्या ओळींची बेरीज करा. प्रत्येक ओळीत एक आणि उणे एक, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज शून्य, आणि सगळ्या तक्त्याची शून्य. आता उभ्या रांगा घ्या. पहिल्या रांगेत नुसता एक आहे. बाकी प्रत्येक रांगेत उणे एक आणि त्याच्याखाली एक, म्हणजे शून्य. सगळ्या तक्त्याची बेरीज एक. तोच तक्ता, तेच आकडे, आणि दोन उत्तरं.

"अनंताच्या घरात जाताना," सर म्हणाले, "आधी आडवं की आधी उभं, हे विचारून जायचं. क्रम बदलायचा तर परवानगी काढायची. ती कशी काढायची ते आता शिकू." आणि त्यांनी ती अट शिकवली.

संध्याकाळी मी तो तक्ता बाबांना दाखवला. कारखान्यात रोज मालाच्या डब्यांची आडवी आणि उभी बेरीज जुळल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा तपासला.

"एक डबा गेला कुठे मग?" ते म्हणाले.

"कुठेच नाही गेला, बाबा. तक्ता संपतच नाही ना."

"काहून संपत नाही?"

"अनंत आहे."

"असा तक्ता आमच्याकडे मंजूर होत नाही, बापा," बाबा म्हणाले आणि कागद मला परत दिला. पण जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "पोरगी विद्यापीठात माल गायब करायला शिकून राहिली."

सप्टेंबरात लढाई सुरू झाली. हवाई हल्ल्याच्या भीतीने होणाऱ्या काळोखाच्या सरावासाठी वर्गाच्या काचांना खाकी कागद चिकटवले गेले, आणि ते दिवसाही तसेच राहिले. भर दुपारी दिवा लावून आम्ही शिकत होतो. बाबांची पाळी लांबली. स्टेशनवरून ताडपत्रीने झाकलेल्या गाड्या जात, आणि गार्डसाहेबाला त्यांत काय आहे ते कोणी विचारलं की तो म्हणे, "तूर." कसंही विचारलं तरी तूरच. सरांनी आपल्या गल्लीच्या नागरी संरक्षणाचं काम घेतलं होतं, पण शनिवारचा तास एकदाही चुकवला नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण ते त्याच आठवड्यांत शिकवत होते.

त्यातला एक शनिवार. सर एक सहायक प्रमेय सिद्ध करत होते. शेवटचं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं. मध्यावर एक ओळ आली. दोन अनंत बेरजा, एकात एक, आणि पुढच्याच ओळीत त्यांचा क्रम उलटा. परवानगी नाही, अट नाही, काही नाही. सर तसेच पुढे लिहीत गेले.

माझ्या मागे बाक किंचित करकरला. गार्डसाहेबानेही पाहिलं होतं. मला वाटतं, सगळ्यांनीच पाहिलं होतं.

पण पुढच्या शनिवारी कोणीच त्या ओळीभोवती चौकोन काढला नाही. कारण तिथून थोडं वर, एका भागाकारात, दुसरी एक बारीक जागा होती. ज्याने भागलं ते एका ठिकाणी शून्य होऊ शकत होतं. ती गार्डसाहेबाने शोधली, फळ्यावर जाऊन चौकोन काढला, सर "उघडा" म्हणाले, त्याने उघडली आणि सर खूश झाले. त्या दिवसाची खिडकी मिळाली. तास पुढे गेला.

बाहेर आल्यावर आम्ही हसलो.

"मोठीचं नावही नाही काढलं सरांनी," एक जण म्हणाला.

"काढतील कसे?" गार्डसाहेब म्हणाला. "ती खिडकी नव्हेच, फाटक आहे. ट्रक जाईल त्यातून. तुम्ही तिकडे धावावं म्हणून ठेवलं होतं. मी नाही धावलो."

हे आम्हाला अगदी पटलं. ज्या माणसाने आम्हाला तो तक्ता दाखवला, ज्याने परवानगी काढायला शिकवलं, तो स्वतः परवानगीशिवाय क्रम बदलेल, हे आमच्या मनातच येऊ शकत नव्हतं. चूक लहान असती तर आम्ही विचारलं असतं. ती इतकी मोठी होती की ती चूक वाटलीच नाही. पुढे कित्येक दिवस "फाटक" हा आमचा विनोद झाला. कोणी सोपं उत्तर सांगितलं की दुसरा म्हणे, "फाटक."

दिवाळीनंतर प्रबंध टंकलेखनाला गेला. कचेरीजवळच्या टंकलेखकाच्या यंत्रावर गणिताची चिन्हं नव्हती. तो तिथे जागा कोरी सोडी, आणि चिन्हं नंतर काळ्या शाईने हाताने भरावी लागत, प्रत्येक कार्बन प्रतीवर. माझं अक्षर बरं होतं. सरांनी विचारलं, रविवारी सकाळी येऊन थोडी पानं भरून द्याल का?

सरांचं घर नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या वर होतं. जिन्यातच औषधांचा वास येई. सर संरक्षणाच्या कवायतीला गेले होते. काकूंनी मला पुढच्या खोलीत टेबल मोकळं करून दिलं, दौत दिली, टीपकागद दिला आणि समोर पालेभाजी निवडत बसल्या.

"चहा आत्ता देऊ की चार पानं झाल्यावर?" त्यांनी विचारलं.

"झाल्यावर."

"तुझे सर पण असेच. मग तो गार होऊन जातो."

मी लिहायला लागले. ते काम मला आवडलं. बेरजेचं मोठं चिन्ह काढायचं, त्याच्या खाली-वर बारीक अक्षरं बसवायची, शाई वाळू द्यायची. शेवटच्या प्रकरणातलं ते सहायक प्रमेय आलं. भागाकाराची ओळ आली. गार्डसाहेबाने उघडलेली जागा नीट बुजवलेली होती. शून्याची अट स्वच्छ टाइप केलेली होती. मला बरं वाटलं. मग पुढची ओळ आली. दोन कोऱ्या जागा, दोन बेरजांसाठी. त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा दोन कोऱ्या जागा, उलट्या क्रमाने. त्यांच्यामध्ये टंकलेखकाने सरांच्या हस्तलिखितातला एक शब्द उतरवला होता. त्याचा अर्थ, "म्हणून".

मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. कुठे अट दिली असेल, तळटीप असेल. काही नव्हतं.

पेन दौतीत बुडवून मी तशीच बसले. तेव्हा कळलं, की ते फाटक सरांनी ठेवलेलं नव्हतं.

"काय झालं गं?" काकू म्हणाल्या.

"काही नाही. एक ओळ नीट कळत नाही."

"त्यांना विचार ना. येऊन राहिले असतील." मग जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हे एकदा जाऊ दे बाई विद्यापीठात. किती वर्षं झाली, आमच्या घरी सणाला पण अनंत जेवायला असतो."

मला हसू आलं नाही. ती ओळ मी कोरी सोडली, बाकीची पानं पुरी केली, चहा प्यायले आणि सर यायच्या आधी निघाले. खरं तर काय बोलायचं ते मला ठरवता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर मी गार्डसाहेबाला गाठलं आणि सांगितलं. तो सायकलला कुलूप लावत होता. ऐकून तो तसाच वाकलेला राहिला.

"टाइप झालं आहे तसंच?"

"तसंच."

"म्हणजे फाटक खरंच उघडं आहे." कुलूप लावून तो उठला. "प्रमेय खोटं आहे का?"

"ते माहीत नाही. सिद्धता नाही एवढंच माहीत आहे."

"ते गेलं तर प्रकरण गेलं. प्रकरण गेलं तर प्रबंध गेला. अन् तुझं पण." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता काय करून राहिली तू?"

मी म्हणाले, घरी जाऊन त्यांना एकट्यांना सांगावं. वर्गात सगळ्यांसमोर बरं दिसणार नाही.

गार्डसाहेब एरवी प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारा मुलगा. त्या दिवशी त्याने केली नाही. "घरी सांगितलं तर ती चूक होईल," तो म्हणाला. "घरी गुपचूप सांगतात ती चूकच असते. फळ्यावर काढली तर खिडकी होईल. त्यांनी दुसरं काय शिकवलं आपल्याला?"

"आणि त्यांना वाईट वाटलं तर?"

"वाटेल ना. वाटणारच आहे. कुठे वाटावं एवढंच आपल्या हातात आहे."

आमचं काही ठरलं नाही. तो आठवडा तसाच गेला. सरांना कवायती होत्या, मला ते एकटे भेटले नाहीत, किंवा मी भेटले नाही.

शनिवारी सर वर्गात आले ते बगलेत टाइप केलेला गठ्ठा घेऊन. चेहरा प्रसन्न होता. गठ्ठा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "तिसऱ्या बाकावरच्या बाई, काम फार सुरेख केलं तुम्ही. पण एक ओळ राहिली तुमची. विसरलात."

बोलण्याचा सूर कौतुकाचा होता. मागे गार्डसाहेबाचा बाक करकरला नाही.

मी उठले. टेबलाकडे न जाता फळ्याकडे गेले. ती ओळ लिहिली. दोन बेरजा, खाली त्यांचा उलटा क्रम, मध्ये "म्हणून". मग त्यांच्याभोवती चौकोन काढला. एक बाजू तिरकी आली. आणि रीतीप्रमाणे काही न बोलता उभी राहिले.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. हसू अजून चेहऱ्यावर होतं, कारण चौकोन पाहिला की ते नेहमी हसत. मग ते थोडे पुढे आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उघडा" ते म्हणाले नाहीत. दूर खमरियाच्या रेंजवर बार वाजत होते आणि मला ते त्या दिवशी एकेक ऐकू आले.

"ही मी ठेवलेली नाही," सर म्हणाले.

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. त्याला वाटलं, हाही त्यातलाच भाग.

सर आमच्याकडे वळले. "ही कोणाकोणाला दिसली होती?"

एक हात वर झाला, मग दुसरा, मग सगळे.

"केव्हा?"

"शिकवली त्याच दिवशी, सर," गार्डसाहेब म्हणाला.

"मग काढली काहून नाही?"

शेवटी गार्डसाहेबच उभा राहिला. "सर, आम्हाला वाटलं, हे आमिष आहे. इतकी मोठी होती. तुम्ही चुकाल असं वाटलं नाही."

सर पहिल्या बाकावर जाऊन बसले, मुलांच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. पण ते हसत होते. आवाज न करता, बराच वेळ. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि ते पुसणं सगळंच हसण्याचं नव्हतं.

"म्हणजे पोरांना खिडकी शोधायला शिकवली," ते म्हणाले, "अन् भिंत पडली तर हाक मारायची, ते शिकवायचं राहिलं." मग माझ्याकडे पाहून, "उभ्या काय राहिलात? उघडा."

मी उघडली. दोन वाक्यांत संपली. सरांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि उठून टेबलावरचा गठ्ठा उचलून कपाटावर ठेवला. "चला," ते म्हणाले, "हे बुजतं का बघू. मला आत्ता तरी माहीत नाही." उरलेला सगळा जोडतास ते आणि आम्ही ती जागा बुजवायचा प्रयत्न करत होतो. बुजली नाही. घंटा झाली तेव्हा फळा भरला होता आणि सरांच्या कोटाची बाही पांढरी झाली होती. पुढे मी स्वतः पुष्कळ वर्षं शिकवलं. त्या तासाइतकं एका तासात शिकलेला वर्ग मी पाहिला नाही, माझाही नाही.

सोमवारी सर आपण होऊन विभागप्रमुखांकडे गेले आणि प्रबंध या सत्रात दाखल होणार नाही असं सांगून आले. कारणही सांगितलं. मुलीने चूक काढली, असंच सांगितलं म्हणे. प्रमुख म्हणाले, मला वाईट वाटतं, पण ठरलं ते ठरलं. शनिवारचा तास गतिशास्त्राला गेला. सर तो तासही मन लावून घेत. त्यातही खिडकी ठेवत.

आमचं काम मात्र थांबलं नाही. शनिवारी तास संपला की व्हरांड्याच्या टोकाला एक मोडका फळा भिंतीला टेकवून सर उभे राहत आणि ज्याला थांबायचं तो थांबे. मी शेवटची बस धरून जाई. बाबा विचारत, "डबा सापडला का?" मी म्हणे, नाही.

तो सापडला उन्हाळ्यात, परीक्षा संपल्यावर. म्हणजे उलटं झालं, जागा बुजायच्या ऐवजी प्रमेयच पडलं. सरांचं सहायक प्रमेय खरंच खोटं होतं. सरांनीच दाखवलेला तो एक-उणे एकचा तक्ता घेऊन, प्रत्येक ओळ थोडी थोडी बदलत, मी आणि गार्डसाहेबाने असं उदाहरण उभं केलं, की सरांच्या सगळ्या अटी पाळल्या जातात आणि तरी दोन बाजूंनी दोन उत्तरं येतात. मोडक्या फळ्यावर ते मांडताना मला आनंद झाला आणि त्याची लाजही वाटली. सर शेवटपर्यंत पाहत राहिले. "सुरेख आहे," ते म्हणाले. "माझ्या प्रमेयापेक्षा सुरेख आहे." मग खडू मागून घेतला आणि उदाहरण नेमकं कुठून आत आलं ते शोधायला लागले. ती वाट बंद करणारी अट पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी स्वतः शोधली. त्या अटीने प्रमेयाचा थोडा भाग वाचला. बराचसा गेला.

प्रबंध पुढच्या वर्षी दाखल झाला. शेवटचं प्रकरण लहान झालं होतं आणि त्याच्या सुरुवातीला आमचं उदाहरण होतं. चिन्हं भरायला मीच बसले. काकूंनी या वेळी चहा आधीच दिला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी सरांना विचारलं, हे उदाहरण प्रबंधातला सर्वांत चांगला भाग आहे, हे कसं सुचलं? सर म्हणाले, "ते माझं नाही, वर्गाचं आहे. माझं होतं ते प्रमेय. ते यानेच पाडलं." खोलीत विभागप्रमुख बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

मान्यता आली. गार्डसाहेब तोवर रेल्वेतच नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेला होता. त्याने पत्रात एवढंच लिहिलं, की फाटक बंद झालं हे वाचून बरं वाटलं. सरांकडे संशोधनाला नाव घातलेली पहिली विद्यार्थिनी मी. आणि शनिवारचा जोडतास परत मिळाला.

त्यातला पहिला शनिवार मला आठवतो. काचांवरचे कागद खरवडून काढले होते, पण कडांना खाकी पट्ट्या राहिल्या होत्या. बाकांवर नवी मुलं होती, आणि शेवटच्या बाकावर, कोणाला न सांगता येऊन बसलेले विभागप्रमुख. सरांनी त्यांना पाहिलं आणि नमस्कार केला. "शेवटच्या बाकावरचे साहेब," ते म्हणाले, "आमच्याकडे रीत आहे. दिसलं तर फळ्यावर यायचं."

"दिसलं तर येईन," प्रमुख म्हणाले.

मग सरांनी नव्या मुलांना खिडकीची रीत समजावली. पण आता तिच्यात एक गोष्ट जास्त होती, आणि ती पुढे निवृत्त होईपर्यंत राहिली. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ते आधी लिहीत, आजची खिडकी कोणती आहे ती. एकतर "ठेवली आहे", नाहीतर "माहीत नाही". पहिल्या प्रकारच्या दिवशी शोधणाऱ्याने गप्प राहून चौकोन काढायचा. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी जागेवरून, त्याच क्षणी, मोठ्याने हाक मारायची. सर लिहीत असले तरी.

हे सगळं शोकसभेत सांगावं असं काकूंच्या नजरेत होतं का, ते मला कळलं नाही. परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी विचारलं. त्या आता फार हळू बोलतात. म्हणाल्या, "मी तर एवढंच बघून राहिले होते, की तू हाक मारतेस का."

त्या पहिल्या शनिवारी सरांनी कोपऱ्यात "माहीत नाही" असं लिहिलं. खडू हातात घेऊन वर्गाकडे एकदा पाहिलं, शेवटच्या बाकापर्यंत. मग वळले आणि पहिली ओळ लिहायला लागले.